फोनमध्ये न मावलेली बोरदरी

परत आल्यापासून रत्नागिरीत जो भेटतो तो विचारतो, "मग, वेरूळ कसं वाटलं?" वेरूळ मी चालत्या गाडीच्या काचेतून पाहिलं. लांबवर डोंगर दिसला, डोंगरात काळी काळी दारं दिसली, आणि तेवढ्यात हे ओरडले, "अगं, निळा ठिपका कुठे आहे तो बघ!" मी फोनकडे पाहिलं, पुन्हा मान वर केली तोवर वेरूळ मागे गेलं होतं. तेव्हा लेण्यांची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठावं. माझे ते चार दिवस फोनमधल्या जागेपायी गेले. माझ्यापाशी सांगण्यासारखं आहे ते तेवढंच.

गारखेडा, गुरुवार

प्रमिला आणि मी मिरजेला नर्सिंग शिकायला एका खोलीत होतो. ती संभाजीनगरजवळच्या कन्नड तालुक्यातल्या बोरदरी गावची, मी रत्नागिरीची. मी पहिल्यांदा तिच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली तेव्हा माझे दात दुखले होते, आणि तिनं माझ्या आईनं पाठवलेलं सुकट उघडलं तेव्हा ती खोलीबाहेर जाऊन उभी राहिली होती. अशी तीन वर्षं काढली म्हणजे मैत्री तुटत नाही. पुढे ती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात लागली, तिथूनच निवृत्त झाली, आणि आता तिथल्याच गारखेड्यात राहते. तिच्या धाकट्या मुलीचं, प्रज्ञाचं, रविवारी लग्न होतं.

त्या लग्नात माझी एक जबाबदारी होती. बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. प्रमिलानं दिवाळीतच एक पांढरी रेशमी साडी मला पाठवली होती आणि सांगितलं होतं, "तुझ्या हातचं भरतकाम पायजे तिच्या अंगावर." निवृत्तीनंतर मला भरतकामाचं वेड लागलं आहे. मी काठाकाठानं पिंपळपानांची निळी वेल भरायला घेतली. डिसेंबरात प्रमिलानं फोनवर विचारलं, "झाली का गं?" मी म्हटलं, "झाली." झाली नव्हती. पदर तेव्हा कोराच होता. जानेवारीत थोडा भरला, तरी निघायच्या दिवशी हातभर पदर राहिलाच. म्हटलं, बसमध्ये भरू. त्या बसमध्ये सुईत दोरा ओवता येईना, भरणं तर लांबच राहिलं.

म्हणून गारखेड्याला पोचल्या पोचल्या, चपला काढून पाणी प्यायच्या आधी, मी प्रमिलाला खरं सांगून टाकलं. तिनं साडी उलगडली, वेलीवरून बोट फिरवत पदरापर्यंत आली आणि जिथं वेल संपली तिथं बोट थांबवलं.

"कधी होईल?"

"शनिवारी संध्याकाळी."

"आम्ही तर शनिवारी सकाळीच गावाला निघतोय सगळे."

लग्न बोरदरीला होतं. प्रमिलाचे वडील, आप्पा, वय ऐंशीच्या पुढं. तरुणपणी त्यांनी आणि वस्तीतल्या लोकांनी स्वतः दगड वाहून तिथलं विहार बांधलं. नातीचं लग्न त्याच विहारात लागणार, ही त्यांची एकच अट. शहरातला हॉल, एसी, काही त्यांनी ऐकून घेतलं नाही.

"मग रविवारी घेऊन ये," प्रमिला म्हणाली. "माझ्या पोराची, राहुलची, जुनी गाडी ठेवून जाते तुमच्यासाठी. पण साडेअकरा म्हंजी साडेअकरा. आप्पा घड्याळाकडं बघून लग्न लावत्यात. नवरी तयार नसली तर म्हणतील, आहे तशी ये."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती सरळ भाकऱ्या थापायला बसली. येसराची आमटी होती. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ असं काही दाट शिजतं की आमच्या ह्यांनी तीन वाट्या ओरपल्या आणि मग घाम पुसत पाणी मागितलं. पाणी पिंपातून आलं. मोरीत, गॅलरीत, जिन्याखाली, जिथं जागा मिळेल तिथं पिंपं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येतं हे मी सांगितलं तेव्हा प्रज्ञा माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी समुद्र घरात येतो असं सांगितलं होतं.

जेवणानंतर प्रज्ञानं ह्यांच्या फोनवर बोरदरीचं ठिकाण पाठवलं. ती औषधांच्या कारखान्यात काम करते, बोलणं मुद्द्याचं. म्हणाली, "काका, वेरूळ सोडलं की रेंज जाती. मधी एका ठिकाणी येती, परत जाती. आत्ताच तेवढ्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. मग रेंज नसली तरी रस्ता दिसतो."

ह्यांनी मोठ्या तयारीनं चष्मा पुसला, बोट दाबलं. फोन म्हणाला, पुरेशी जागा नाही.

पुन्हा दाबलं. पुरेशी जागा नाही.

माझा फोन म्हणजे मुलानं टाकून दिलेला, त्यात बोलता येतं एवढंच पुष्कळ. म्हणून प्रज्ञानं ह्यांचाच फोन हातात घेतला आणि कशानं भरलाय ते बघायला लागली. दोन मिनिटांनी तिनं वर पाहिलं.

"काका, यात रत्नागिरी ते कोल्हापूर सगळा नकाशा उतरवलेला हाय. सव्वा जीबी."

"हो. निघण्यापूर्वी मीच उतरवला," हे अभिमानानं म्हणाले. "आयत्या वेळी घोटाळा नको."

मी म्हटलं, "अहो, तुमचा जन्म रत्नागिरीत गेला. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्यात. तुम्हाला रत्नागिरीत रस्ता चुकेल?"

"परत जाताना लागेल."

"परत आपण बसनं जाणार आहोत! ड्रायव्हरला तुम्ही सांगणार रस्ता?"

"चालेल, चालेल," म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला. एखादी गोष्ट मुळीच करायची नसली की हे 'चालेल, चालेल' म्हणतात. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मला हे ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी गप्प बसले, कारण पदराच्या बाबतीत मीही तेच केलं होतं.

दौलताबाद, शुक्रवार

मला घरी बसून पदर भरायचा होता. हे म्हणाले, "एवढ्या लांब येऊन किल्ला नाही बघायचा?" प्रमिलाही म्हणाली, जाऊन या, घरात पाहुण्यांची गर्दी, भरायला जागा तरी कुठं आहे. गेलो.

किल्ला खरोखरच बघण्यासारखा आहे. आमचे कोकणातले किल्ले समुद्राकडं तोंड करून उभे असतात, दिसतात तरी. हा किल्ला म्हणजे तासून गुळगुळीत केलेला उभा डोंगर, भोवती खंदक, आणि वर जायचं तर पोटातल्या काळोख्या बोगद्यातून. त्याला अंधारी म्हणतात. वळणावळणाचा रस्ता, पायऱ्या लहानमोठ्या, वटवाघळांचा वास. शत्रू आत शिरला की चाचपडतच मरावा, अशी सोय.

आमच्या ह्यांनी त्या अंधारीचा व्हिडिओ काढला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वाटाड्या बोलत होता ते सगळं टिपून ठेवायचं म्हणाले. बाहेर उजेडात आल्यावर मी बघितलं. बावीस मिनिटं नुसता काळा पडदा. मधूनमधून माझा आवाज, "अहो, हात धरा." आणि कुणाचा तरी, "संभाळून हां, संभाळून."

"यात काय दिसतंय?" मी विचारलं.

"अंधारी."

"हा पुसा आधी. ह्यानं किती जागा खाल्ली असेल!"

"अगं, हे ऐकायचं आहे, बघायचं नाही."

त्याशिवाय चाँदमिनारचे सोळा फोटो, एकाच तोफेचे नऊ, आणि किल्ल्याच्या दारातल्या सगळ्या फलकांचे. फलक नंतर घरी निवांत वाचायचे असतात म्हणे. अजून एकही वाचलेला नाही.

खाली उतरलो तेव्हा माझे गुडघे थरथरत होते. रस्त्याच्या कडेला एक बाई पेरूंची पाटी घेऊन बसली होती. तिनं न विचारता एक पेरू चार फाका करून, तिखटमीठ लावून माझ्या हातात दिला. "बसा मावशी जरा. वर गेलत्या का? लई दमलेल्या दिसताय. त्यो चढ काय बायामान्साचा हाय व्हय!" आमच्याकडं गिऱ्हाईक पेरू दाबून बघायला लागलं तर बाई हात झटकते. इथं ओळख ना पाळख, मला सावलीत बसवलं. तो पेरू आतून गुलाबी होता, आणि इतका गोड की मी ह्यांच्यावरचा राग पाच मिनिटं विसरले. पाचच, कारण तेवढ्यात त्यांनी पेरूचाही फोटो काढला.

पुन्हा गारखेडा, शनिवार

सकाळी सगळी मंडळी गावाला निघून गेली. घर एकदम मोठं झालं. मी गॅलरीत पिंपांच्या मधे खुर्ची टाकून पदर घेऊन बसले. तिसरं पान भरताना निळा रेशमी दोरा संपला. ह्यांना बरोबर घेऊन बाजारात गेले. दोऱ्याच्या दुकानाला लागून फोनदुरुस्तीचं दुकान होतं. म्हटलं, एका फेरीत दोन्ही कामं होतील. ह्यांना तिथं उभं केलं.

दुकानदार सलीमभाई, चाळिशीचे, कानावर छोटा स्क्रूड्रायव्हर. मी त्यांना सांगितलं, उद्या बोरदरीला जायचंय, नकाशा उतरवायचाय, फोनमध्ये जागा नाही. त्यांनी फोन हातात घेऊन बघितला आणि ह्यांना विचारलं, "चाचा, रत्नागिरी कायकू रखे? उधरसेच तो आए ना तुम?"

मी म्हटलं, "ऐका!"

"और ये क्या है? सब कालाच काला?"

"दौलताबादची अंधारी," हे म्हणाले.

सलीमभाईंनी ती थोडी चालवून पाहिली. माझा आवाज आला, अहो, हात धरा. त्यांनी आदरानं बंद केली. "रखो, चाचा. यादगार है."

कार्ड घालून काम होईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ह्या फोनला कार्डाची जागाच नाही. मग त्यांनी समजावलं की नकाशा उतरवताना पडद्यावर एक चौकोन येतो. चौकोन लहान केला की जागा कमी लागते. सगळा जिल्हा घ्यायचा नाही, रस्त्यापुरता घ्यायचा. "इत्ताच लो. इधर से उधर तक. बस हो गया."

मला हायसं वाटलं आणि मी शेजारच्या दुकानात निळ्यातला नेमका निळा शोधायला गेले. तिथं माझी वीस मिनिटं गेली. परत आले तेव्हा ह्यांनी फोन वर धरून दाखवला. "झालं काम."

"बोरदरीपर्यंत?"

"झालं म्हटलं ना."

मी पुढं विचारलं नाही. संध्याकाळी शेवटचं पान भरलं, गाठ मारली, साडीला इस्त्री केली आणि लाल पिशवीत जपून ठेवली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला शांत वाटलं.

बोरदरीच्या वाटेवर, रविवार

राहुलची गाडी सकाळी सुरूच होईना. हे बॉनेट उघडून आत शिरले आणि अर्ध्या तासानं काळे हात घेऊन इतक्या आनंदानं बाहेर आले की मला काही बोलवेना. निघायला पावणेनऊ झाले. शहर, दौलताबादची वेस, घाट, खुलताबाद. मग ते वेरूळ, ज्याबद्दल वर सांगितलं. माझ्या मांडीवर लाल पिशवी, हातात फोन. निळा ठिपका रस्त्यावरून नीट सरकत होता आणि मी मनात प्रज्ञाला दुवा देत होते. कन्नडच्या अलीकडं आम्ही डावीकडं आत वळलो. रेंज गेली. ठिपका चालूच राहिला.

आत डोंगर होते, पण आमच्यासारखे नव्हेत. आमच्याकडं डोंगर झाडांखाली लपलेला असतो. इथं तो उघडा बसलेला, पिवळ्या गवताचा, मधे मधे काळा दगड. उतारावर कापसाची शेतं, बोंडं फुटून पांढरी झालेली. ऊन कोरडं, अंगाला चिकटत नाही. ओठ मात्र तडकतात. मला ते सगळं आवडायला लागलं होतं.

दहा वाजून गेले होते. एका लिंबाच्या झाडापाशी रस्त्याला दोन फाटे फुटले. हे म्हणाले, "डावा की उजवा?"

मी फोन बघितला. ठिपका होता. पण त्याच्या पुढं काही नव्हतं. रस्ता नाही, गाव नाही, नाव नाही. सरळ एक रेघ, आणि रेघेच्या पलीकडं सगळं राखाडी.

"नकाशा संपला," मी म्हटलं.

"संपला म्हणजे?"

"संपला म्हणजे संपला. बोरदरी कुठाय यात?"

त्यांनी स्टिअरिंगकडं बघितलं. मग म्हणाले, "सलीमभाईंचा चौकोन बसत नव्हता. थोडा लहान केला. म्हटलं, शेवटचं थोडंसं विचारत जाऊ."

"रत्नागिरी ठेवायला बोरदरी कापलीत?"

"अगं, एवढंसं."

तेवढ्यात फोनवर एक चौकट उगवली. जागा अपुरी आहे, काही गोष्टी काढून टाका. आणि फोन थिजला. ठिपकाही हलेना. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "थांब, आत्ता रत्नागिरी काढतो. मग रेंजच्या ठिकाणी मागे जाऊन इथलं उतरवू. चिडू नकोस." ते कुठं कुठं दाबत गेले. यादीत दोन नकाशे होते. एकाचं नाव 'निवडलेला नकाशा', दुसऱ्याचंही 'निवडलेला नकाशा', पुढं दोनचा आकडा. त्यांनी एक काढून टाकला. फोन सुटला. नकाशा उघडला.

पडद्यावर आमची गल्ली आली. मारुती मंदिर, भाट्याचा पूल, कोपऱ्यावरची पिठाची गिरणीसुद्धा. कन्नड तालुक्यातल्या त्या उन्हात आम्ही दोघं आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी बघत बसलो होतो.

तिथं मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. छत्तीस वर्षांचं होतं. फलकांचे फोटो, तोफेचे फोटो, बंद पडलेल्या घड्याळांचा डबा, 'चालेल, चालेल'. खरं म्हणजे मला दिसत होतं ते प्रमिलाचं बोट, पदरावर थांबलेलं. मी डिसेंबरात खोटं बोलले नसते तर साडी कालच गेली असती. ह्यांच्यावर ओरडताना हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी जास्त ओरडत होते.

हे गाडीतून उतरून लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी दमून थांबले. आणि त्या शांततेत ऐकू आलं. लांब कुठं तरी स्पीकर लावला होता. गाणं चालू होतं, ढोलकी स्पष्ट येत होती.

कापसाच्या शेतातून एक बाई कंबरेला झोळी बांधून वर आली. सगळं भांडण तिनं ऐकलं असणार. पन्नाशीची, उन्हानं रापलेली. "काहून भांडू लागल्या वं बाई? कुठं जायाचंय?"

"बोरदरीला. लग्नाला."

"ती काय बोरदरी. आवाज येऊ लागलाय ना, तीच." तिनं दरीपलीकडं हात केला. खरंच, पलीकडच्या उतारावर झाडीत पत्र्यांची छपरं चमकत होती. "पर गाडीनं जायाचं तर मागं फिरावं लागतंय. पाझर तलावाला वळसा घालून. एक तास जाईल. आन् रस्ता सापडला तर."

"पायी?"

"पायी ह्या नाल्यातून. अर्ध्या तासात नेते म्या."

घड्याळात साडेदहा. ह्यांनी लिंबाखालून मान वर केली. मी लाल पिशवी छातीशी धरली. "तुम्ही गाडी घेऊन या वळसा घालून," मी म्हटलं आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता बाईंच्या मागं उतरायला लागले.

तिचं नाव सिंधूबाई. ती पुढं झपाझप, मी मागं बसत, धरत, घसरत. दौलताबादच्या चढानं गुडघ्यांत आधीच काही उरलं नव्हतं. नाल्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे. पलीकडं काट्यांचं कुंपण आडवं आलं. सिंधूबाई म्हणाली, "आधी पिशवी द्या. मंग तुमी." तिनं पिशवी डोक्यावर घेतली, एका हातानं काटे बाजूला केले, दुसऱ्या हातानं मला ओढलं. माझा पाय गोट्यावरून सटकला आणि मी फतकल मारून बसले. पिशवी तिच्या डोक्यावर हललीसुद्धा नाही.

"काय हाय ह्यात एवढं?" तिनं विचारलं.

"नवरीची साडी."

"आगं बाई! मंग उठा की!"

मी उठले. चालता चालता तिनं विचारलं, कुणाचं लग्न. मी प्रमिलाचं नाव सांगितलं. ती थांबलीच. "प्रमिला नर्सबाई? तिच्या हातावर माझं पयलं पोरगं झालं. रातभर हालली नाय माझ्याजवळून."

"मग तुम्ही येणारच असाल लग्नाला."

"नाय बा." ती पुन्हा चालायला लागली. "आमी नाल्याच्या ह्या अंगाचे. त्यांच्यात आमचं जाणं-येणं नाय. कोनी बोलिवतबी नाय, कोनी जातबी नाय."

बोरदरी

विहार वस्तीच्या वरच्या टोकाला, पांढरंशुभ्र, निळ्या पताकांनी भरलेलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. सिंधूबाईनं फाटकाबाहेरच पिशवी माझ्या हातात दिली. दारात एक म्हातारा गृहस्थ खुर्चीवर ताठ बसला होता, पांढरा सदरा, मनगटावर मोठं घड्याळ. मी ओळखलं. "आप्पा, साडी," एवढंच मला म्हणता आलं.

आप्पांनी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्या लुगड्याला लागलेल्या कुसळांकडं. "गाडी कुठाय? चालत आल्या व्हय?" आणि मग आतल्या बाजूला तोंड करून, वयाला न शोभणाऱ्या आवाजात, "प्रमिलाऽऽ! आली गं साडी!"

प्रमिला धावत आली. मला वाटलं, आता ती बोलेल. तिनं पिशवी घेतली, माझा हात घट्ट धरला आणि मला ओढत आतल्या खोलीत नेलं. तिथं प्रज्ञा आईची जुनी साडी नेसून बसली होती. तीही पांढरी, पण पिवळट पडलेली, घडीच्या खुणांची. म्हणजे तिनं तयारी ठेवली होती. माझी वाट बघायचं तिनं सोडून दिलं होतं. ते बघून मला जे वाटलं, ते नाल्यात पडल्यापेक्षा जास्त लागलं.

"मावशी," ती उठून म्हणाली, "मला माहीत होतं तुम्ही येणार. आप्पांनाच पटत नव्हतं." हे खोटं होतं. मी ते मानून घेतलं.

आम्ही दोघींनी मिळून दहा मिनिटांत तिला नेसवलं. पदर खांद्यावर आला तशी पिंपळपानांची वेल पाठीवरून खाली सुटली. प्रमिलानं पदराचं टोक हातात घेतलं, कालचं शेवटचं पान बघितलं आणि म्हणाली, "हे सगळ्यात चांगलं झालंय." मग आम्ही दोघी नाक पुसत बाहेर आलो.

साडेअकराला आप्पा उठले. लोक पांढऱ्या कपड्यांत ओळीनं बसलेले, त्रिशरण, पंचशील, सगळे एका सुरात. आमच्याकडं अंतरपाट, मंगलाष्टकं, भटजींची घाई आणि मागच्या रांगेत गप्पा. इथं मागची रांगही म्हणत होती. हार घातले गेले, आणि लग्न लागलं. सगळं मिळून पाऊण तास. मी मात्र दर पाच मिनिटांनी रस्त्याकडं बघत होते. गाडी येईना.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा मला सिंधूबाई आठवली. ती फाटकाबाहेर बाभळीखाली उभी होती, झोळी कंबरेलाच. मी प्रमिलाला दाखवली आणि साडी हिनंच डोक्यावर आणली ते सांगितलं. प्रमिला तिच्याकडं गेली. "सिंधू ना तू? आत ये."

"मला कोन बोलिवलंय?"

"मी बोलिवतेय ना आता."

"कापूस तसाच पडलाय..."

माझं बोलणं ऐकून मागून आप्पाही आले. त्यांनी सिंधूबाईकडं बघितलं. मग म्हणाले, "माझ्या नातीची साडी तू डोक्यावर आणली. आता जेवल्याबिगर गेलीस तर मी जेवणार नाय." सिंधूबाईनं झोळी सोडली, फाटकाला अडकवली आणि आत येऊन माझ्या शेजारी बसली. बसताना चारी बाजूंना बघितलं. एका बाईनं सरकून तिला जागा दिली.

वांग्याची भाजी, वरण, पोळी, बुंदी. घास तोंडात जाईना. एक वाजून गेला होता. मी मनात ह्यांना काय काय बोलायचं ते जुळवत होते, आणि दर वेळी अर्ध्यात ते सुटून जात होतं, कारण त्या पाझर तलावाच्या रस्त्यावर जुनी गाडी, रेंज नाही, माणूस पासष्टचा.

तेवढ्यात विहाराच्या मागच्या बाजूनं, जिकडं रस्ताच नाही तिकडून, हे आले. चालत. बाही फाटलेली, हाताला काट्यांचे ओरखडे, घामानं निथळलेले. त्यांनी मंडपात नजर फिरवली, मी दिसले, आणि तिथंच खांबाला धरून उभे राहिले.

मी उठून गेले. "गाडी कुठाय?"

"लिंबाखाली."

"म्हणजे? वळसा घालून येणार होतात ना?"

"निघालो होतो. अर्ध्यात गेल्यावर वाटलं, तू अनोळखी बाईबरोबर नाल्यात उतरलीस, पडलीबिडलीस तर? परत फिरलो. तू दिसेनास. मग मीही उतरलो. नाल्यात वाट चुकलो. दोन तास तुलाच हाका मारतोय."

मला ओरडायचं होतं. गाडी नाल्यापलीकडं, म्हणजे संध्याकाळी पुन्हा त्याच काट्यांतून परत. माझे गुडघे, त्यांचं वय, हे सगळं तोंडावर आलं होतं. मी फक्त विचारलं, "पडलात कुठं?"

"दोनदा," ते म्हणाले.

पंगतीतून सिंधूबाईनं आमच्याकडं बघितलं, पत्रावळ घेऊन थोडी बाजूला सरकली आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर हात थोपटला. "बसा दादा. भाजी लई झणझणीत हाय, आधी पानी प्या. जाताना म्याच नेते दोघांलाबी. तुमच्यानं नाय व्हायचं ते."